घड्याळाचा उसाचा रस

माधव नगर, उज्जैन
४ मार्च २०२५

चि. निहारिकास आजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तुझं अर्धंच ऐकू आलं. बँक सोडून तू इथल्या फ्रीगंज बाजारात बसणार, बस, एवढं कळलं. मी खूश, घरापासून दोन पावलं. शेजारच्या प्रतिभाला दुकान बघायलाही पाठवलं. तीच हे पत्र लिहिते आहे आणि हसते आहे. म्हणते, फ्रीगंज नाही आजी, फ्रीलान्स. घरी बसून लोकांसाठी लिहायचं. मग तसं सांगायचं ना. आता दुकानवाल्याला मी काय तोंड दाखवू?

चुकलंमाकलं प्रतिभाच्या पदरात टाक.
माणिकआजी

भोपाळ, ११ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

दुकान राहू दे. राजीनामा लिहून बारा दिवस झाले, ड्रॉवरमध्ये पडून आहे. मासिकं, रेडिओ, जिथून काम येईल तिथं लिहीन. बाबा म्हणतात, वेडेपणा आहे. माझी भीती वेगळीच. दिवसभर लिहायला बसले आणि सांगण्यासारखं काही निघालंच नाही तर? तू नको म्हणालीस तर फाडून टाकते.

तुझ्या मायेची सवय लागलेली,
निहारिका

माधव नगर, १८ मार्च

चि. निहारिकास अ. आ.

एक जुनी गोष्ट आज उघड करते. तू नऊ वर्षांची असताना माझ्या बहिणीला, जयूला जाणारी पत्रं तू लिहायचीस. मी सांगायची, गहू भरले, गुडघा दुखतो. एकदा देवासहून तिचं उत्तर आलं. तू शाळेत, म्हणून पोस्टमनकडून वाचून घेतलं. जयूनं विचारलं होतं, फ्रीगंजच्या टावरचं घड्याळ अजून दुपारी चौकात उतरून उसाचा रस पितं का, आणि बर्फ घालून की बिनबर्फाचा.

मी असलं काही सांगितलंच नव्हतं. पोस्टमन माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, बिनबर्फाचा.

तुला बोलले नाही. तिचा नवरा वारल्यापासून जयू पहिल्यांदाच काही विचारत होती. मग मी मुद्दाम कमी सांगू लागले, तुला जागा राहावी म्हणून. अजून दुपारी डोळा लागला की ते घड्याळ धोतराचा सोगा धरून जिना उतरताना दिसतं. खाली रसाचा गेलास भरून ठेवलेला असतो.

तेव्हा राजीनामा दे. फक्त तो मी सांगते तसा लिही: नोकरी सोडते, नमस्कार. मधे आपलं काही घालू नकोस.

खाली अंगठा उमटवला आहे. तुझ्या बाबाला दाखव.
माणिकआजी

भोपाळ, २४ मार्च

ती. आजीस सा. न.

आज राजीनामा दिला. तू सांगितलास तसाच. साहेबांनी दोनदा वाचला आणि विचारलं, बाकी ठीक आहे, पण हे घड्याळ कोण?

येते आहे, दोन गेलास सांगून ठेव.
निहारिका