रिकामा गोल

सिंदेवाही,
ता. १९ जानेवारी २०२५, रविवार

प्रिय हेमराजभाऊ,

आचलचा नमस्कार, तुला आणि रिनाला. रिनाला वहिनी लिहायचं की नुसतं रिना, हे आपल्या घरात अजून ठरलेलं नाही. ती फुटबॉलमध्ये माझ्या गोलपुढे स्टॉपर खेळायची तेव्हा मी तिला 'ए रिने' अशीच हाक मारायची. तूर्त तेच चालवते.

इकडे थंडी बरी पडली आहे. धान घरी आलं. बोडीत अजून पाणी आहे, मासोळी यंदा चांगली निघेल असं सगळे म्हणतात. काळी शेळी व्याली, दोन्ही पिल्लं ठणठणीत आहेत. आईचे गुडघे तसेच. बाबा घरीच असतात.

तू आमच्या सगळ्यांचे नंबर बंद करून ठेवलेस, म्हणून कागद घेतला. बुटीबोरीचा पत्ता तुझ्या क्रिकेटवाल्या पिंटूने दिला. आधी तयार नव्हता, म्हणाला, "भाऊ माह्यावर चिडन." मी म्हटलं, चिडू दे, सध्या सगळेच चिडलेले आहेत, त्यात एकाची भर.

तो व्हिडिओ तू पाहिलास, हे मला माहीत आहे. गावच्या क्रिकेटच्या ग्रुपवर तूच तो पुढे पाठवलास. खाली लिहिलंस, "आमच्या घरचा नमुना", आणि हसणारे चेहरे. पिंटूने मला दाखवलं. दाखवून वर म्हणतो, "मनावर नोको घेऊ." घेतलं. सरळ सांगते, ज्यांना मी ओळखतही नाही असे लोक हसले त्याचं मला एवढं वाटलं नाही.

व्हिडिओत काय दिसतं ते मला पाठ झालं आहे. बल्लारपूरचं मैदान, राजुऱ्याशी फायनल, शेवटची मिनिटं, शून्य-शून्य. आमचा कॉर्नर चालू आहे, सगळ्या पोरी पुढे गेल्या आहेत. इकडे गोलमध्ये मी एकटी. मी मागे वळून बघते, आणि एकदम खांबाच्या बाजूने बाहेर पळत जाते, फ्लेक्सच्या मागे दिसेनाशी होते. मग राजुऱ्याची एक पोरगी मैदानाच्या मधूनच बॉल उडवते. तो टप्पे घेत घेत येतो. रिकाम्या गोलमध्ये जातो, घाईसुद्धा नाही त्याला. कोणीतरी त्याच्यावर गाणं लावलं आणि लिहिलं, 'गोलकीपर घरी गेली'.

फ्लेक्सच्या मागे काय होतं ते व्हिडिओत नाही. ते लिहायचंय. पण आधी दुसरं लिहिते.

आम्ही फायनलपर्यंत एकही गोल खाल्ला नव्हता. तुला हे कोणी सांगितलं नसेल, कारण हे कोणी सांगतच नाही. पेपरात रोशनीचा फोटो आला. तिने गोल मारले, यायलाच पाहिजे. पण त्या बातमीत 'सिंदेवाहीने प्रतिस्पर्ध्यांना भोपळाही फोडू दिला नाही' असं एक वाक्य होतं, आणि तो भोपळा कोणी राखला याचा पत्ता नाही. जसा काही आपोआपच राहिला. मी आईला वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "तुया बाबाचं बी असंच व्हाये." कबड्डीत चढाई करणाऱ्यांना लोक खांद्यावर घेत, आणि समोरच्याचा घोटा धरून पाडणारे बाबा कोपऱ्यात बसलेले. अख्खा पहिला डाव समोरच्या गावाला एक गुण घेऊ दिला नव्हता, तरी नारळ दुसऱ्याच्याच हातात. तुझंही तेच. निर्धाव षटक टाकून तू बाजूला उभा, आणि टाळ्या सिक्स मारणाऱ्याला. आपल्या घरात कोणी मारणारा निघालाच नाही. सगळे अडवणारे.

तरी मला ते आवडायचं. खोटं काय बोलू. समोरची पोरगी पाय उचलते, आणि तिला वाटत असतं की झाला आता गोल, आणि मग तिचा चेहरा पडतो. त्या चेहऱ्यासाठी मी रोज सकाळी दव पडलेल्या गवतात लोळत होते.

आता फ्लेक्सचं.

बाबा प्रत्येक मॅचला यायचे. तू गेल्यापासून यायला लागले. प्रेक्षकांत बसत नसत. माझ्या गोलच्या मागे, जाळीपासून थोडं लांब, खांद्यावरचा दुपट्टा अंथरून बसत. डावीकडे बघ, पुढे हो, असं काहीबाही बोलत राहत. त्यांना ऑफसाइड कळत नाही, पण कोण कुठून घुसणार हे बरोबर कळतं. सुरुवातीला मला लाज वाटायची. नंतर सवय झाली. पाठीमागे तो आवाज असला की बरं वाटे.

त्या दिवशी तो बंद झाला. आधी मला वाटलं, थकले असतील. मग काहीतरी पडल्यासारखं वाजलं. मी वळून पाहिलं तर बाबा एका अंगावर कलंडले होते. तोंड वाकडं झालेलं. डोळे उघडे होते, माझ्याकडेच बघत होते. उजवा हात गवतात असा पडला होता, जसा दुसऱ्या कोणाचा आहे.

भाऊ, तिथे कोणीच नव्हतं. लोक म्हणतात, बाजूला माणसं होती, कोणीतरी पाहिलं असतं. बाजूला लावलेल्या फ्लेक्समुळे प्रेक्षकांतून कोणाला काही दिसत नव्हतं. मला गोलमधून दिसलं, म्हणून मी पळाले. बॉलचा विचार केला नाही. खरं तर केला. तो कुठे आहे ते मला माहीत होतं, तो आमच्या कॉर्नरवर होता, आणि परत यायला किती वेळ लागेल हेही कळत होतं. तरी गेले.

मी ओरडले तेव्हा मैदानातूनही ओरडा झाला. मला वाटलं, लोक बाबांसाठी धावून येत आहेत. ते राजुऱ्याच्या गोलसाठी होतं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "लवकर आणलं म्हणून जमलं." लकवा आहे. उजवा हात अजून उचलत नाही. जाळं फेकणं गेलं. बोलतात, पण शब्द अर्धे सुटतात, आईला कळतात, मला निम्मे कळतात. 'बाबा घरीच असतात' असं वर लिहिलं ते यामुळे. एका ओळीत उरकावं असं मनात होतं, जमलं नाही.

तुला कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. दवाखान्यातच, जीभ जरा वळायला लागल्या लागल्या. "हेमले सांगू नोको. मी बिमार हाय म्हून आला, त काय आला?" एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला ते मी सांगत नाही. मी हो म्हटलं. आता सांगून टाकलं. त्यांनी विचारलं तर मी सांगेन की सांगितलं.

यानंतर काय काय झालं ते ऐक, कारण माझं डोकं त्यानेच जास्त फिरलंय.

आमचे कोच सोमाजी सर दवाखान्यात आले. बिस्किटं आणली, बाबांच्या पायाला हात लावला, चांगला माणूस आहे. जाताना जिन्यात म्हणाले, "एक मिनट थांबली असती त... शिट्टी वाजलीच असती." रोशनी म्हणाली, "आम्हाले आवाज द्याचा ना, तूच काऊन पळाली?" जसा काही माझा बाप सगळ्यांनी वाटून घ्यायचा होता. विभागाच्या संघाची निवड झाली, त्यात राजुऱ्याची गोलकीपर घेतली. तिने आमच्याकडून नाही, पण बाकी सगळ्यांकडून गोल खाल्ले होते. निवड समितीतले एक जण सरांना म्हणाले म्हणे, "कीपर भरवशाची पाहिजे." मी भरवशाची नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना विचारा.

आणि गावात उलटंच. बाया येतात, माझ्या डोक्यावरून हात फिरवतात, "पोरीनं बाप वाचवला." त्याचाही मला राग येतो. का येतो ते नीट सांगता येत नाही. मी काही फार मोठं केलं नाही, आणि फार वाईटही केलं नाही. पण मॅच हरली ना. माझ्यामुळेच हरली. ते कोणी माझ्याशी सरळ बोलत नाही. कोणी हसतं, कोणी कौतुक करतं. वर्षभर आम्ही ज्यासाठी मरमर मेलो ते गेलं, हे मोठ्याने म्हणायला कोणी तयार नाही. आई म्हणते, "जाऊ दे ना, खेळच हाय." बाबा वाचले याचा आनंद आहे, आणि तो गोल मला अजून सहन होत नाही. दोन्ही एकाच पोटात आहे. तुला तरी हे कळेल असं वाटलं होतं. तू हसणारे चेहरे पाठवलेस.

म्हणून एक काम कर. माझी माफी मागू नकोस, मला नको आहे. त्याच ग्रुपवर, त्याच व्हिडिओखाली लिही की फ्लेक्सच्या मागे आपले बाबा पडले होते. तुझ्या नावाने लिही. बस एवढं.

आणखी एक राहिलं. हे लिहू की नको, असं किती दिवस चाललंय.

त्या दिवशी हाफ टाइमला बाबांनी मला पाणी दिलं. राजुऱ्याच्या पोरी पहिल्या हाफमध्ये सारख्या आत घुसत होत्या, मी कशीबशी अडवत होते. बाबा म्हणाले, "समोर पोकळ हाय तुया." मी म्हटलं, नवीन पोरगी आहे, शिकेल. बाबांनी बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "ते रिना होती तवा तुयापर्यंत बॉल पोचतच नोयता."

तू घर सोडलंस त्या दिवसापासून हे नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. तेव्हा काय म्हणाले होते ते तुझ्या कानात अजून असेलच, ती बौद्ध, आपण ढिवर, माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही, वगैरे. मी तिथेच उभी होते. हाफ टाइमला मी नुसते ग्लोव्हज चढवले. शिट्टी झाली, मी गोलमध्ये गेले. मग मागून आवाज येणं बंद झालं.

काल सोमाजी सर घरी आले होते. माझ्या जागी त्यांनी दुसरी पोरगी उभी केली, तिने मूल गावाशी झालेल्या मैत्रीपूर्ण मॅचमध्ये इतके गोल खाल्ले की सरांना सांगायची लाज वाटत होती. पुढच्या महिन्यात ब्रह्मपुरीला स्पर्धा आहे. सर म्हणाले, "येशील का?"

मी आधी चांगलंच सुनावलं. भरवशाची कीपर शोधा म्हटलं. सर खाली मान घालून ऐकत राहिले. मग माझाच राग संपला. मी म्हटलं, येते, पण समोर स्टॉपर पाहिजे. माझ्या पसंतीची.

"कोन?"

"रिना."

बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, झोपले आहेत. सर काही बोलणार तेवढ्यात ते हलले. डाव्या हाताने खाट धरून, आईला मदतीला येऊ न देता, हळूहळू तोंड आमच्याकडे फिरवलं. आणि एकच शब्द बोलले. तो मला पहिल्याच वेळी कळला.

"बलाव."

तेव्हा हे पत्र बोलावण्याचं आहे. आजारासाठी मी कोणाला बोलवत नाही, त्यांना दिलेला शब्द एवढा तरी पाळते. आणि बाबांनी बोलावलंय रिनाला, तुला नाही. ती रविवारी तिकडच्या पोरींसोबत खेळते असं पिंटू म्हणाला, म्हणजे दम असेल. तिला सांग, राजुऱ्याची ती लांब बॉल मारणारी पोरगी ब्रह्मपुरीलाही येणार आहे, आणि तिचा चेहरा पडलेला मला बघायचा आहे. तिच्यासोबत बॅग उचलायला कोणी आलं, तर आई जेवू घालेल.

रागातच, पण तुझीच,
आचल