उकाड्यापासून जपलेला थर्मामीटर

दि. २१ मे

चि. छोटीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? ऑफिसातल्या खुर्चीला उशी लावलीस का, की अजून लाकडाशीच झुंज चालू आहे? मेहुण्यांचा गुडघा जिना चढू देतो का? सासूबाई कानातलं यंत्र वापरायला लागल्या, की अजून “मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता” असंच म्हणतात? थोरलीचा खोकला गेला का? धाकटीच्या हाताचं प्लास्टर निघालं असेलच. दोन वर्षांपूर्वीच्या दुखण्यांची विचारपूस करतोय हे मलाही कळतं. नवीन काही झाली असतील तर तीही कळव.

इकडे तुझ्या वहिनीची तब्येत उत्तम, म्हणजे बोलणं पहिल्यासारखंच. माझे डोळेही अजून साथ देतात. भिंग लावलं की मनगटी घड्याळाच्या केसाएवढ्या स्प्रिंगचा पीळ दिसतो. घड्याळं मात्र दुरुस्तीला येत नाहीत. लोक वेळ फोनमध्ये बघतात आणि तरी उशिरा येतात.

तुझी दोन पत्रं आली होती. उत्तर दिलं नाही. त्याला कारण काहीच नाही, म्हणजे जे आहे ते सांगण्यासारखं नाही. दोन वर्षांपूर्वी जेवताना तू म्हणालीस, “दादा, दान म्हणजे ठिगळ. चार लोकांना पुरतं. बाकीच्यांसाठी नियमच लागतो.” मी म्हणालो, “तुमचा सरकारी नियम गल्लीत पोचेपर्यंत गल्लीच उठून गेलेली असेल.” एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण वर म्हणालो, की चार पुस्तकं शिकलं म्हणून उकाडा कळत नाही. तू हात धुऊन उठलीस. चौथी शिकलेल्या माणसानं स्वतः शिकवलेल्या बहिणीला शिक्षणावरून टोमणा मारावा, यासारखा करंटेपणा नाही. असो.

आज लिहायला बसलो ते एक नवल सांगायला.

फेब्रुवारीत आमच्या गल्लीत एक संस्था आली. कुणी श्रीमंत दाते आहेत, आपल्या मिळकतीतला मोठा वाटा हवामान बदलाच्या कामासाठी देतात. संस्थेच्या बाई चाळिशीच्या, पायात कापडी बूट, बोलणं सरळ. म्हणाल्या, “पत्र्याच्या छपरावर उन्हाला परतवणारा पांढरा रंग दिला तर खाली गारवा राहतो म्हणतात. तुमच्याकडे राहतो का, ते बघू. राहिला तर सरकारला सांगू, की शहरातल्या सगळ्या पत्र्याच्या घरांसाठी नियम करा. आमची ऐपत गल्लीपुरती, सरकारची शहराएवढी.”

मला गंमत वाटली. म्हटलं, “बाई, मग सरकारच का नाही करून बघत?”

त्या हसल्या. “सरकारचं चुकलं तर बोंब होते, काका. आमचं चुकलं तर नुसतं आमचं चुकतं. म्हणून आधी आम्ही चुकून बघतो.”

मला हे फार आवडलं. शितावरून भाताची परीक्षा करायची, आणि ते शित शिजवून देणारा वेगळा माणूस! तुमच्या ऑफिसात असं चालतं हे तू मला कधी सांगितलं नाहीस. की सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही?

गल्लीत चोवीस घरं. चिठ्ठ्या टाकल्या. बारा छपरं पांढरी होणार, बारा तशीच राहणार. तशीच का, तर तुलनेला काहीतरी हवं. लोक कुरकुरले. इस्त्रीवालीची चिठ्ठी कोरी निघाली तेव्हा ती बाईंना म्हणाली, “वर पत्रा, खाली कोळशाची इस्त्री. मला मधे ठेवून नेमकं काय मोजणार तुम्ही?” बाई म्हणाल्या, “उपयोग झाला असं ठरलं, की पुढच्या उन्हाळ्याआधी तुमचंही छप्पर पांढरं.” माझ्या दुकानाचीही चिठ्ठी कोरीच होती. मग प्रत्येक घरी एक थर्मामीटर. रोज दुपारी दोनला आकडा बघून दारावरच्या तक्त्यात लिहायचा आणि आठवड्यानं मी सगळे तक्ते वहीत उतरवायचे. हे काम मला का? तर घड्याळजी अचूक असतो म्हणून. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “काकांची नोंद बघून यंत्रसुद्धा लाजेल.” तुझ्या वहिनीनं दोन दिवस मला ‘यंत्र’ म्हणूनच हाक मारली.

काम चोख झालं. अकरा आठवडे एक रकाना रिकामा नाही. मेच्या दहा तारखेला अहवाल गेला. निकाल असा, की पांढऱ्या आणि बिनरंगाच्या घरांत अर्ध्या डिग्रीचा फरक. म्हणजे नसल्यातच जमा.

आता कोडं बघ. पांढऱ्या छपराखालचा शिंपी मला म्हणतो, “काका, यंदा दुपारी मशीनवर डुलकी लागते हो.” आणि इस्त्रीवाली दुपारी काम टाकून गटाराकडेच्या भिंतीच्या सावलीला येऊन बसते. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण आरसा म्हणतो, काकणच नाही.

तुला काय वाटतं, असं का झालं असेल?

(पुढचा मजकूर २३ मे)

परवा तो प्रश्न विचारून पेन खाली ठेवलं आणि दोन दिवस उचललं नाही. तुझ्या वहिनीनं पत्र वाचलं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, “ताकाला जाऊन भांडं लपवताय. उत्तर माहीत असलेलं कोडं लहान मुलांना घालतात, अधिकारी बहिणीला नाही.”

तर ऐक.

पांढऱ्या घरांत थर्मामीटर रंगाऱ्यांनीच लावले, मधल्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, खिळा ठोकून. बाकीच्या घरांत रंगारी जायचे नव्हते, म्हणून ते बारा बाईंनी माझ्याकडे दिले. “तुम्ही वाटा, काका.” मी वाटले. आणि वाटताना प्रत्येक घरी, दारात उभं राहून, मान डोलावत एकच उपदेश केला: “नाजूक वस्तू आहे. दुसऱ्याची आहे. उन्हात, उकाड्यात ठेवू नका. धूळ, पोरं, वाफ यांपासून जपा.”

छोटे, पन्नास वर्षं हेच वाक्य म्हणत आलोय गं. गिऱ्हाइकाच्या हातात घड्याळ परत देताना तोंडातून आपोआप निघतं. घड्याळाला ते लागू आहे. उकाडा मोजायच्या वस्तूला उकाड्यापासून जपा म्हणणारा शहाणा जगात मी एकटाच असेन.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तक्ता घ्यायला इस्त्रीवालीकडे गेलो. भर दुपार. तिच्या हनुवटीवरून घाम टपटप कपड्यावर, आणि ती तो इस्त्रीनंच वाळवतेय. तक्त्यावर आकडा चौतीस. म्हटलं, “थर्मामीटर कुठाय?”

ती कौतुकानं मला आत घेऊन गेली. माठामागच्या कोपऱ्यात, ओल्या टॉवेलात गुंडाळून, बाळासारखा निजवलेला. म्हणाली, “तळहाताच्या फोडासारखा जपलाय, काका. टॉवेल दिवसातून तीनदा भिजवते.”

यंत्र गारव्यात आणि बाई भट्टीत. मला हसू आलं आणि लगेच माझाच दारातला उपदेश आठवला.

बाकीच्या दहा घरी गेलो. कुठे खाटेखाली, कुठे पेटीत कपड्यांच्या घडीत, एकीकडे तर फडताळात काचेच्या भांड्यांच्या मागे. सगळ्यांनी मन लावून जपलेले. बारावा माझाच. दुकानाच्या मागच्या दगडी कपाटात, तळाच्या कप्प्यात, जिथे मी जुनी चांगली घड्याळं ठेवतो. रोज दोनला कपाट उघडून मी स्वतःच्या डोळ्यांनी आकडा वाचत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग मला राहवलं नाही. माझाच थर्मामीटर घेऊन तीन दिवस, रोज आठ घरं, दुपारी एक ते तीन, प्रत्येक ठिकाणी मधल्या भिंतीला डोक्याच्या उंचीला धरून दहा मिनिटं उभा राहिलो. लोकांना वाटलं काका भिंतीशी गुजगोष्टी करतायत. पांढऱ्या छपराखाली छत्तीस, सदतीस. बिनरंगाच्या खाली एकेचाळीस. इस्त्रीवालीकडे त्रेचाळीस. चार डिग्री, छोटे! नुसत्या रंगानं! तिसऱ्या दिवशी शेवटचा आकडा लिहिताना मी इतका खूश होतो, की जणू मीच तो रंग शोधून काढला.

आणि मग ती वही खणात टाकून खण लावून घेतला.

हे सांगायचं होतं. निकाल चुकीचा का आला ते नाही, ते कुणीही शोधलं असतं. अहवाल जायला दोन आठवडे होते. एक शब्द पुरला असता. पण मग बाईंना सांगावं लागलं असतं, की यंत्राला लाजवणारा माणूस तो हाच. थर्मामीटर भिंतीवर आणले असते तर आकडे एकदम उडी मारून वर गेले असते आणि बाईंनी कारण विचारलं असतं, म्हणून तेही होते तिथेच राहू दिले. आणखी दोन आठवडे चुकीचे आकडे मोत्यासारख्या अक्षरात उतरवले. खाली सही केली.

परवा, पत्र सुरू केलं त्याच सकाळी, बाई निरोप घ्यायला आल्या होत्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, “दोन जूनला सरकारी बैठक आहे. आकडे असे म्हटल्यावर नियमाचा विषय बाजूला पडणार. आमचे दातेही आता दुसरं काहीतरी बघतील. वाईट वाटतं, पण आकड्यांच्या पुढे कसं जायचं?” त्यांनी बैठकीचा कागद दाखवला. खाली तुझी सही होती. मी चहा विचारला. साखर किती हेही विचारलं.

त्या गेल्यावर तुला पत्र लिहायला घेतलं. ते कुठे येऊन अडलं ते तू वर वाचलंसच.

काल इस्त्रीवालीकडे गेलो. म्हटलं, आधी जिचं नुकसान केलं तिला सांगू. सगळं सांगितलं. ती आधी हसली, पदर तोंडाला लावून. मग हसता हसता थांबली.

“म्हणजे माझ्या टॉवेलानं माझं छप्पर घालवलं?”

“टॉवेलानं नाही गं. माझ्या तोंडानं. आणि नंतर माझ्या गप्प बसण्यानं.”

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“एप्रिलपासून.”

तिनं इस्त्री उचलली, कपड्यावर फिरवली, परत ठेवली. “काका, एप्रिलपासून रोज माझ्या दारावरनं जाताय. रोज विचारताय, कशी आहेस.”

मी तिच्या दारात उभा राहिलो. ती म्हणाली, “आता उभे राहून माझं वारं अडवू नका. जा आणि ज्यांना सांगायचं त्यांना सांगा.”

म्हणून हे पत्र. याचीच दुसरी प्रत आज दुपारी संस्थेच्या बाईंना नेऊन देतोय. घरगुती मजकुरासकट, कारण गाळायला बसलो तर आणखी काय काय गाळीन याचा भरवसा नाही. सोबत खणातली वही पाठवतोय. चोवीस घरांचे आकडे आहेत, कुठे, किती वाजता, कोणत्या भिंतीला, सगळं लिहिलंय.

तुझं माझं भांडण मी गेले दोन दिवस मनात परत भांडून पाहिलं. ठिगळ लावून बघितल्याशिवाय कापड किती जीर्ण आहे ते कळत नाही, एवढं माझं खरं. पण शहरात अशा किती गल्ल्या आहेत जिथे कुणी दाता, कुणी बाई, कुणी थर्मामीटर गेलेला नाही, तिथे कोण पोचणार? तिथे तुझाच नियम लागतो. हे कबूल करायला दोन वर्षं लागली. एक विचारू? नियम करणाऱ्याला, आपल्यापुढचा आकडा कुणी कुठे उभं राहून मोजला, हे कळायची काही सोय असते का? की आमच्यासारख्यांच्या सहीवरच सगळं चालतं? टोमणा नाही, खरंच जाणून घ्यायचंय.

आता मागणं. तुझा भाऊ आहे म्हणून हे दाबू नकोस. आणि तुझा भाऊ आहे म्हणून माझी वही खरी मानूही नकोस. माझं एकदा चुकलंय, मुद्दाम लपवलंयही. तुमचा माणूस पाठव. त्यानं स्वतः खिळा ठोकावा, स्वतः दहा मिनिटं उभं राहावं, स्वतः घाम पुसावा. ऊन अजून महिनाभर आहे. बैठकीत हे पत्र वाचावं लागलं तर वाच. घड्याळजीचं नाव खराब होईल म्हणून थांबू नकोस.

आजवर प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘सवडीनं उत्तर लिही’ असं लिहीत आलो. या वेळी सवड बघू नकोस. दोन जूनच्या आत दोन ओळी टाक. रागाच्या असल्या तरी चालतील, मी दोन वर्षं गप्प बसून त्यांचा हक्क तुला दिलाय.

तुझा चुकलेला,
दादा