लाल उमटलं की वारं निघतं

रेत्नो,

तैवानात तू सांभाळतेस त्या म्हाताऱ्याला भरवून झालं, की अजून राबतेयस? मी हे तिसऱ्यांदा लिहायला बसलेय. आधीची दोन पत्रं चुलीत गेली.

तू फोनवर विचारलंस, एवढ्या उकाड्यात किनासी पायघोळ सारोंग का नेसते? मी म्हटलं, "तुझ्या लेकीला मोठं व्हायची घाई झालीय!" खोटं बोलले. तिच्या पोटऱ्यांवर लालजांभळे ठिपके उठले होते. मला वाटलं, अंगात वारं शिरलंय. आपल्याला दुसरं काय सुचणार? ते बाहेर काढायला तेल लावून नाण्यानं घासलं. आधी पाठ, मग पोटऱ्या. आठवडाभर.

पोनोरोगोच्या डॉक्टरीणबाई वळ बघून माझ्यावरच उखडल्या, "पोरीला मारलं कोणी?" मग कातडीचा तुकडा काढून तपासला. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजल्यात म्हणे, क्वचितच होतं असं. मागे घसा धरला होता, तेव्हापासून शरीर स्वतःवरच उलटलं असेल. नक्की सांगता येत नाही. गोळ्या चालू आहेत, पाय उशीवर ठेवून पडून राहायचं. ठिपके फिकट होतायत.

"माझ्या घासण्यानं झालं का?" मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "नाही हो, पण आता नाणं लावू नका."

पण त्या तेव्हा इथे नव्हत्या ना. किनासी रडत होती, "बास ना आजी, दुखतंय." आणि मी तिचा पाय दाबून धरून म्हणत होते, "लाल उमटतंय बघ, म्हणजे बरं होतंय."

जिच्या भरवशावर तू पोर ठेवलीस, ती,
तुझी आई