सलूनच्या खुर्चीतले बिशप

ती. दादास, धाकट्या बहिणीचा सलाम.

पत्र लिहिणं भाग पडलं, कारण आपल्या आतेबहिणीने तुला फोनवर सांगितलं म्हणे, की मी भर उपासनेत बिशपसाहेबांना सलूनच्या खुर्चीत बसवलं. बसवलं. पण तिने अर्धंच सांगितलं, आणि तेही हसत. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी जिना उतरताना कठडा धरते का? (नसेल धरत तर माझं नाव सांग.) मी ठणठणीत आहे. आता चष्मा लावून नीट वाच.

आपल्या चर्चचे बाक चर्चमध्ये कमी आणि गल्लीत जास्त असतात, हे तुला ठाऊक आहे. कुणाच्या घरी माणूस गेलं की भेटायला येणाऱ्यांना टेकायला बाक जातात, मग ते घर चर्चला येणारं असो वा नसो. आजाऱ्याला चाकांची खुर्ची, परीक्षेच्या दिवसांत पोरांना अभ्यासाला बाजूची खोली, हेही आपलंच. किल्ली माझ्याकडे आणि नियमही माझाच: दुखवट्याच्या घरातून बाक मागून आणायचा नाही. त्यांना वाटेल तेव्हा ते आणून देतील. (पूर्वीचे सेक्रेटरी आधी रडणाऱ्यांना उठवायचे आणि मग बाक मोजायचे, म्हणून हा नियम.)

शुक्रवारी समोरच्या गादीवाल्याची आई गेली. या गल्लीतली निम्मी पोरं तिच्या मांडीवर वाढलेली. भेटायला येणारे रस्त्यापर्यंत बसले. एकूण एक बाक गेला. आणि रविवारी बिशप येणार होते. साधे भेटीला नव्हे. सभासद उरलेत मूठभर, तेव्हा आपलं चर्च मोठ्या चर्चला जोडून इमारतीला कुलूप घालावं का, हे डोळ्यांनी पाहून ठरवायला.

शनिवारी पाळकसाहेब तोंड पाडून आले. (गुणी माणूस आहे, पण घाबरला की सारखा खाकरतो.) म्हणाले, "ताई, चार बाक तरी मागून आणू या. नियम काय, तुम्हीच केलाय."

म्हटलं, "म्हणूनच मला मोडता येत नाही. कुलूप लागायचं तर लागेल, पण रडणाऱ्या माणसाच्या बुडाखालचा बाक मी ओढणार नाही."

बोलले खरी, पण ते रिकामं चर्च मी त्या दिवशी तीनदा झाडलं, हे तुला म्हणून सांगते.

रविवारी दार उघडलं तर पायरीशी सलूनवाला उभा, आणि हातगाडीवर त्याची ती पेडल दाबलं की वर जाणारी खुर्ची. गल्लीत बातमी कुणी नेली, मला माहीत नाही. (पाळकसाहेब त्या दिवशी अजिबात खाकरत नव्हते, एवढं मी पाहिलं.) मागोमाग शिवणवाली बाई स्टूल घेऊन, दातांचे डॉक्टर दवाखान्यातल्या जोडखुर्च्या घेऊन, बालवाडीच्या बाई पोरांच्या वीतभर खुर्च्या घेऊन. आणि आपली खुर्ची टाकून कोण घरी जाणार? जो तो आपापल्या खुर्चीवर बसून राहिला. चर्च गच्च भरलं. आपले खजिनदार बालवाडीच्या खुर्चीत बसले. प्रार्थनेला उठले तेव्हा खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. आतेबहीण तिथे जी हसू लागली, ती अजून थांबलेली नाही.

बिशपसाहेबांना सगळ्यात चांगली खुर्ची द्यायची, म्हणून सलूनची दिली. यात चूक काय? फक्त ती जुनी असल्यामुळे माणूस बसला की हळूहळू खाली जाते. पाळकसाहेबांचा उपदेश रंगत गेला तसे साहेब बुडत गेले. नुसतं टक्कल दिसायला लागलं की सलूनवाला गंभीर चेहऱ्याने पुढे जायचा, पेडल दाबून साहेबांना वर आणायचा आणि जागेवर येऊन हात जोडायचा.

शेवटी साहेबांनी विचारलं, "एवढे सगळे सभासद?"

शिवणवाली बाई कुठली गप्प बसतेय! "नाही हो साहेब, आम्ही शेजारी. आमच्यावर वेळ आली की यांचे बाक येतात. आज यांच्याकडे तुम्ही आलात."

साहेब इतके हसले की खुर्ची पार तळाला गेली. तिथूनच म्हणाले, "कुलपाचा विषय संपला." मग त्यांना वर आणण्यात आलं.

बाक मंगळवारी परत आले, प्रत्येकावर नवीकोरी गादी. उपदेशात माणसं पेंगतात म्हणून मी जन्मभर गाद्यांना विरोध केला. त्या दिवशी एकेका गादीवर बसून पाहिलं. अशा चर्चची किल्ली माझ्याकडे आहे, दादा. आतेबहिणीला हे सगळं वाचून दाखव. ती हसली तर फोन ठेव.

तुझी बहीण

ता.क. बाकांपेक्षा एक गादी जास्त आली. गादीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "एक बाक दादांकडे आहे ना."

ता.क. २. बाबा गेले तेव्हा आलेला तो बाक तू बदलीच्या सामानात नेलास, आणि हल्ली त्यावर वहिनीच्या कुंड्या असतात. नियमाप्रमाणे मी तो मागत नाही. तुझ्याकडे बाबांचा दुखवटा अजून चालू असेल तर खुशाल राहू दे. पत्र आणणारा टेम्पोवाला परतताना रिकामा असतो, एवढंच कळवते.

टेम्पोवाल्याच्या हवाली केलं ते असं: हे पत्र, बाकाच्या मापाची एक गादी, सुतळीचं बंडल, कुंड्या ठेवायला एक फळी, आणि बाक उचलायला त्याचा मेहुणा.