गुरुवारी इकडे येऊ नको

प्रिय चंदन,

तुझा फोन आला तेव्हा मी जाळं झटकून राहिली होती, म्हणून धड बोलली नाही. अन् बोलली असती तर शिव्याच निघाल्या असत्या. आमदार झाला तरी लहान भाऊच आहे तू माह्या, पण चार लोकं बसले होते तुझ्याजवळ. म्हणून लिहून राहिली.

सरिताच्या लग्नाले गुरुवारी नागपूरचं अधिवेशन सोडून येतो म्हणालास. म्हणे, भाचीच्या पाठीशी मामा उभा नसला तर लोकं काय म्हणतील! वा रे वा! त्याच दिवशी तलावाच्या बिलावर मतदान आहे, हे आम्हाले ठाऊक नाही काय? टीव्ही आमच्याही घरी आहे. बिल पास झालं की गावोगावचे तलाव लिलावात जातील, मच्छीमार सोसायटीले ठेंगा, अन् आपण ढिवर लोकं आपल्याच पाण्यात ठेकेदाराची मजुरी करू.

मागच्या हिवाळ्यात रेतीच्या बिलावर मतदान होतं, तर तू आमच्या मंडईच्या जत्रेत नाटकाचा नारळ फोडत होता. गावानं टाळ्या वाजवल्या, किती साधा आमदार! त्याच्या आधी मोहाडीकडे कोणी मेलं, त्याची तेरवी. तेरवी तू एक चुकवत नाही, मतदान तेवढं चुकवतोस. गावही तसंच रे बाप्पा. आमदार पंगतीले नाही आला तर तोंड फुगवते, सभागृहात नाही बसला तर कोणी पुसत नाही.

तू वाईट नाही. लहानपणी पवनीच्या बाजारात गिऱ्हाईक भाव पाडू लागलं की तू माह्यामागे लपत होता, भांडत मी होती. मले त्याचं कवतिक होतं तेव्हा. पण आता ठेकेदारही नाराज नको अन् आपले लोकंही नको, म्हणून माह्या पोरीच्या पदरामागे लपतोस? अपक्ष निवडून आला तू. कोणत्या पक्षाचा हुकूम नाही तुले. मग काहून पळून राहिला?

तर ऐक. सरिताचं लग्न आम्ही काल रविवारीच लावलं. पोराकडच्या सोयऱ्यांना खरं कारण सांगितलं. तेही ढिवरच, लगेच मानले. तुझे भाऊजी मात्र तारीख बदलली म्हणून लग्नाआधी दोन दिवस माह्यावर रुसले होते. मामाच्या जागी मीच उभी राहिली, लग्न लावणारे महाराज कुरकुरले तरी. सरिता रडली, मीही रडली, तुले खोटं कायले सांगू. पण आता गुरुवारी इथं ना मांडव आहे ना पंगत. हे पत्र भाऊजी तुझ्या हातात देतील अन् मतदान होईपर्यंत नागपुरातच थांबतील. बिलाच्या विरोधात उभा राहा, मग दणक्यात ये, पोरीले आहेर घेऊन. नाही राहिला, तर पुढच्या निवडणुकीत तुझ्याविरुद्ध मी उभी राहते, अन् प्रचाराले पहिली तुझ्याच दारात येते.

भांडली तरी तुझीच,
रेवताबाई