सासूबाईंच्या अंघोळीचं पाणी

गुरुवार, मार्गशीर्ष, १९८३

आज आलं: लोखंडी पिंप पंचाऐंशी रुपये, तूस दोन पोती आठ रुपये, काच तीस. नव्या घराचा स्लॅब पडला की गच्चीवर तुसाच्या पेटीत पिंप, वर काच. दिवसा उन्हाने तापलेलं पाणी पहाटेपर्यंत गरम राहील, म्हणजे बंबाचं सरपण वाचेल, असा ह्यांचा बेत.

सासूबाई म्हणाल्या, "रात्रीचं शिळं पाणी अंगावर घेऊन देवाला शिवू? त्यापेक्षा गंगेवर जाईन."

"आई, पाणी काय भात आहे शिळं व्हायला?" हे म्हणाले.

"भात असता तर फोडणी तरी दिली असती!"

हसू आलं, पण मला पटलं त्यांचंच. शिळं ते शिळंच. पण दमा असताना या थंडीत नदीवर?

संध्याकाळी तूप पातळ करायला वाटी गरम पाण्यात ठेवली आणि सुचलं. पाणी कुठे तुपात जातं? मग पिंपातलं पाणी पिंपातच राहू दे. आत तांब्याच्या नळीची वेटोळी घालायची. पहाटे नळाला आलेलं ताजं पाणी त्यातून येता येता तापेल.

सासूबाईंना विचारलं. "चालेल. पण नळी नाही, तर गंगा."

चांदवडला दादाचं तांब्यापितळेचं दुकान आहे, त्याला लगेच लिहिलं: 'पुढल्या आठवड्यात स्लॅब पडतोय, त्याआधी पाइपासाठी भोक ठेवायला हवं. नळी वाकवून मिळेल का? नळी नाही मिळाली तर सासूबाई गंगेवर जाईन म्हणतात, आणि त्या बोलल्या म्हणजे जाणारच. उलट टपाली कळव.'