तू जिला तपासणी म्हणालास

दादा,

मोठा आहेस म्हणून नमस्कार. मी बरी आहे. होस्टेलचं जेवण अळणी असलं तरी पोटभर मिळतं.

नर्सिंगच्या वर्गात सध्या डॉक्टरी शब्दांची फोड शिकवतात. हे शब्द ग्रीक तुकडे जोडून केलेले असतात. शेवटी 'आयटिस' आलं की सूज, 'एक्टॉमी' आलं की तो भाग कापून काढलाय. काल बाईंनी फळ्यावर 'मॅस्टेक्टॉमी' लिहिलं. हात मीच वर केला. "मॅस्ट म्हणजे स्तन. स्तन काढून टाकणं." बाई "शाब्बास" म्हणाल्या आणि मला खाली बसायचंही सुचेना.

गेल्या महिन्यात फोनवर तू हाच शब्द म्हणाला होतास. "आईची मॅस्टेक्टॉमी का काय ती तपासणी झाली. किरकोळ आहे, तू अभ्यास कर." मोठा शब्द फेकला की धाकटीला काय कळतंय! अरे, मला हे शिकायला तूच पाठवलंस ना?

आणि आई खुशाल "हात जरा अवघडलाय" म्हणून फोनवर हसत होती. बाबा, वहिनी, सगळे सामील. परकी तेवढी मीच?

जखम भरली का? हात वर होत नसेल, मग तिची वेणी कोण घालतं?

तुझ्याशी बोलायची इच्छा नाही, पण सुट्टी मागितली आहे. कुठली बाजू, तेवढं लगेच कळव. आल्या आल्या मी तिला मिठी मारणार, आणि तिला दुखायला नको.

अजूनही तुझीच,
धाकटी